कीली, किल्ली

निपाणीत तंबाखूची धूळ आधी कुलपात जाते,
मग माणसाच्या छातीत.
असं हुसेनसाब शिकलगार सांगायचे,
ज्यांच्या हाताखाली मी सात वर्षं कानस चालवली.

डीकोडरला त्यांनी कधी बोट लावलं नाही.
"खेळणं हाय ते," म्हणायचे.
मी तरी कुरिअरनं मागवला
आणि पहिल्याच महिन्यात, चिकोडी स्टँडच्या मागं,
एका बोलेरोच्या दारात अडकवून बसलो.
ओढला.
आत टोक मोडल्याचा आवाज फार बारीक असतो,
भाताच्या घासात खडा यावा तसा.
दाराचं सगळं अस्तर काढावं लागलं. पैसे राहू देत,
मालकानं चहासुद्धा विचारला नाही.

काल संकेश्वरहून गंगव्वा टीचरांचा फोन.
"कीलि ऐति, कीलिकै इल्ल."
मला ऐकू आलं, किल्ली आहे.
म्हटलं, मग मला कशाला बोलावताय?
तिकडून हसू, मग कन्नड शाळेतलं सावकाश मराठी:
आमच्यात कीली म्हणजे कुलूप, बाबा.
कुलूप आहे. किल्ली नाही.
साहेब जाऊन अकरा महिने झाले,
कुठं ठेवली ते त्यांनाच ठाऊक.

पांढरी अल्टो. काचेवर कडुनिंबाचा पाला चिकटलेला.
भोकात आधी शिसपेन्सिलीची काळी भुकटी फुंकली
(तेल घालू नये, तेल धुळीचा चिखल करतं),
मग पातं आत सरकवलं,
तव्यावरच्या भाकरीखाली उलथनं जातं तसं.
एकेक पत्ती सुईनं चाचपली.
दुखऱ्या फोडावरून हात फिरवताना जेवढं वजन देतो
तेवढंच, त्याहून गुंजभर कमी.
पाचवी पत्ती रुसलेली. तिला सोडून सहावीकडं गेलो,
परत आलो, तेव्हा ती बसली.
कुलूप फिरलं.

मी आकडे बोलत गेलो: दोन, चार, एक, तीन.
टीचर जुन्या हजेरीपटाच्या पाठीवर लिहीत गेल्या.
बघतो तर एकच्या जागी शून्य.
शून्य खोलीची खाच नसते हो, टीचर.
"ओंदु," त्या म्हणाल्या, "एकच आहे तो, नीट बघ,
खाली तोंड उघडं आहे त्याचं."

आणि मग काढायला गेलो, तर निघेना.

चिकोडीचं ऊन परत मानेवर आलं.
हात आपोआप ओढायला लागला,
हाताला अक्कल उशिरा येते.
"निधान, तम्मा," मागून आवाज,
पाढा चुकलेल्या पोराला म्हणावं तसा.
दोन्ही हात काढून घेतले. पँटला पुसले.
आठवलं, कुलूप फिरलेलंच राहिलंय
आणि सुई अजून पत्तीखाली मान घालून उभी.
आधी तिला शून्यावर नेली.
मग गाभा जिथून फिरवला तिथं परत, सरळ, उभा.
पत्त्या आपापल्या घरात पडल्या,
दोन बोटांत धरून पातं बाहेर घेतलं,
नुसतं, काही झालंच नाही असं.

किल्ली कापली ओट्यावर. कीस तुळशीपर्यंत उडाला.
दार उघडलं तेव्हा आत
बंद उन्हाचा आणि तपकिरीचा वास.
टीचर डाव्या बाजूनं बसल्या, नेहमीच्या जागी.
"तू बस की तिकडं," म्हणाल्या.
मला गाडी येत नाही.
तीनशेच्या वर उघडल्या असतील, चालवली एकही नाही.
तरी बसलो.
बॅटरी उतरलेली. हॉर्न दाबला, तो गप्प.
त्यांनी हजेरीपटाचा कागद चौघडी करून
ब्लाउजात ठेवला. ही पण हरवली तर असावा.
मग गिअरच्या दांड्यावरची धूळ पदरानं पुसत विचारलं,
रिव्हर्स कुठं असतो रे?
मला काय माहीत.