मुळाबरहुकूम

गट क्रमांक सात. चेंबूरचं कॉलेज, खोली तीनशे चार.
पडदे ओढलेत, तरी फटीतून मोनोरेलची सावली
मधूनच भिंतीवरून सरकून जाते.
प्रोजेक्टर दोन. डावीकडे मूळ व्हिडिओ, उजवीकडे यांचा.
दोन्ही मुके केलेले. गाणं मला पाठ आहे.

हातात तक्ता: चौकट, प्रकाश, जुळणी, ओठ,
आणि शेवटच्या रकान्यात ‘मुळाशी इमान’, दहापैकी.

डावीकडे रेशमाचा पडदा, चाळीस मीटर, समुद्रावरून यावा तसा वारा
(चाकं लावलेला पंखा होता, दोघं धरून बसायचे).
उजवीकडे मांडववाल्याचं कापड.
दोन मिनिटं बारा सेकंदांना त्याचा कोपरा उलटतो
आणि निळ्या शाईतला ४७ दिसतो.
मी थांबवतो. लिहितो: ४७. लिहून खोडतो.

डावीकडे पांढरा घोडा.
उजवीकडे गोवंडीच्या तबेल्यातला, वरातीचा,
शेपटीला अजून मेंदी.
जोएल डाबरे सांगतो, ‘सर, रात्री दोन लग्नं करून आला होता,
चालेचना. आम्ही सगळे मागून ढकलत होतो.’
हे तक्त्यात कुठे बसवायचं?

क्रेनचा शॉट घेतलाय पाचव्या मजल्यावरून,
कपडे वाळत घालायच्या दोरीला फोन बांधून, वीत वीत खाली सोडत.
तिसऱ्या मजल्यावर एक काकू पातेलं विसळता विसळता थांबतात,
तेवढ्यापुरत्या गाण्यात येतात.
मूळ क्रेन तासाच्या भाड्याची होती.
तिच्या वाटेत कुणी आलं नाही.

मग तीन मिनिटं चार.
डावीकडे ती वळते, आणि तिचा चेहरा
अर्धा सेकंद पुसट होतो.
उजवीकडे निशिगंधा घरत वळते
आणि अर्धा सेकंद पुसट होते.

मी पुन्हा लावायला सांगतो. पुन्हा.
‘इथे फोकस का गेलाय?’
‘मुळात तसंच आहे सर,’ अल्फिया मुकादम म्हणते, कॅमेरा तिचा.
‘ती निघून जायचं ठरवते ना, ते आपल्याला आधीच कळू नये म्हणून.
एकवीस टेक झाले. बरोबर तेवढंच चुकायला फार वेळ लागतो.’

सत्त्याण्णव साल, गोरेगाव, रात्रीची शिफ्ट लांबून उजाडलेलं.
फोकस ओढायला मी होतो, बावीस वर्षांचा,
गुडघ्याशी मोजपट्टी, जमिनीवर खडूच्या खुणा.
ती खुणेच्या वीतभर पुढे आली
आणि मी पट्टीकडे बघायचं सोडून तिच्याकडे बघितलं.
बस, एवढंच.
रीळ संपलेलं, शिफ्टचे पैसे संपलेले, दुसरा टेक नाही.
त्यानंतर मला निरोप आला नाही.
पुढे त्या अर्ध्या सेकंदाला लोक शैली म्हणू लागले,
वर्गांतून शिकवू लागले.
मी स्वतः दोनदा शिकवलाय, नाव न घेता.

आता ही मुलगी समोर उभी, मनगटाला बॅटऱ्यांची पिशवी,
माझ्या चुकीला अर्थ देऊन, एकवीस वेळा घासून.
सांगू का हिला?
सांगितलं तर त्या एकवीस टेकांचं काय करायचं.
शिवाय कोण जाणे, त्या पहाटे ती
खरंच निघून जायचं ठरवत असेल.

शिपाई दारातून डोकावतो. गट आठ बाहेर ताटकळलाय.

‘मुळाशी इमान’समोर मी नऊ लिहितो.
‘एक कशात गेला, सर?’
‘नीट बघ. मुळात फोकस परत येताना
मध्येच अडखळतो, घाबरल्यासारखा.
तुमचा सरळ परत आला.’
ती वहीत टिपून घेते. पेन तसंच धरून वर बघते:
‘पण हे तुम्हाला कसं दिसलं?’

मी गट आठला हाक मारतो.