उद्यमनगर, रात्रपाळी

कंपनीच्या कंपायलरचं कोटेशन आलं,
तेवढ्यात एक जुनी लेथ आली असती.
मालक म्हणाले, "आणि तो फुकटातला?"
शिकलगारनं पुण्याहून टेप आणली होती,
डब्यात, चटणीशेजारी.

रात्री नऊला सोडला.
"हा आधी स्वतःलाच घडवतोय," म्हणाला,
"मग घडलेला परत स्वतःला.
दोन्ही बाइट न् बाइट जुळले तरच खरा."
बाहेर भट्टीचा लाल उजेड, जळक्या वाळूचा वास.

साडेतीनला वीज गेली.

"पहिल्यापास्नं?"
"न्हाय. झालेलं ऱ्हातंय डिस्कवर."
त्याचा बाप कात्र्यांना धार लावायचा,
आधी निसणाच घासून सपाट करायचा.

सकाळी ओतकामाचं गणित सुटलं,
कंपनीच्या डेमोपेक्षा अकरा मिनिटं हळू.
उत्तर तेच.

वाचलेल्या पैशांची लेथ मात्र
अजून आलेली नाही.