टप्प्याबाहेरचं झाड

साडेचारला जाग येतेच.
पहिली गाडी आज दुसऱ्या कुणाच्या नावावर लागली आहे
हे पायांना कोण सांगणार?
म्हणून उठून परात घेते,
जाडसर दळलेली कणीक, ओवा, तेलाचं मोहन,
आणि मळत राहते
जोवर मनगटातलं तिकीट मशीन गळून पडत नाही.

कांचन, माझी जाऊ, वांगी पुसते आहे.
"देठाले काटे टोचून राह्यले ना, तं समजाचं ताजे हायेत."
दिवाकर व्हॅनच्या टपावर गोवऱ्या बांधतो.
चार वेळा बांधतो, तरी एक घरंगळतेच,
आणि पोरं ती अशी उचलून आणतात
जशी शाळेतली ढाल.

आम्ही आठ जण, त्यात दोन अर्ध्या तिकिटाचे.
मोजले मी. मोजणारच.

आर्वीपासूनचा हा रस्ता मला पाठ आहे,
पाठ म्हणजे, पाठीला.
सोळा वर्षं गर्दीकडे तोंड करून गेले यावरून:
सुट्टे द्या, पुढं सरका, पिशवी मांडीवर घ्या.
खिडकीबाहेर काय असतं
ते प्रवाशांच्या डोळ्यांतून हलताना पाहिलंय फक्त.

आज मी पुढच्या सीटवर.
काचेवर दहिवर, वायपरचा एकच हात चालू,
आणि त्या पुसलेल्या अर्धगोलात
तूर फुलावर आलेली, पार बांधापर्यंत.
बाभळीच्या काट्यांना कापसाचे पुंजके:
बैलगाड्या गेल्या की बाभूळ आपला हिस्सा काढून घेते,
पावती देत नाही.
पुढे संत्र्याचा वास. बाग त्यानंतर वळणावर,
तणसावर ओतलेले ढीग,
ढिगाशेजारी रेडिओ लावून झोपलेला राखणदार.
"थांबव ना," मी म्हणते.
"इथं स्टॉप नाही," दिवाकर हसतो.
"म्हणूनच."

आवळीखालची जागा झाडून
आर पडेपर्यंत नुसतं बसायचं असतं.
हे मला जमत नाही.
मी दोनदा उठते,
कांचन दोनदा पदर धरून खाली बसवते.
वांगी तोवर तेलात मऊ होतात, तर्री कडेला जमते.
कार्तिकातलं ऊन, अंगावर घेतलं तर चालतं,
सावली जरा गार लागते,
मधल्या पट्ट्यात सगळ्यांच्या चपला.

रोडगा राखेतून काढायचा, फडक्यात धरून झटकायचा,
बुक्कीनं फोडायचा.
आतले पदर सुटतात, वाफ तोंडावर,
मग वरण, मग तूप, थांब म्हणेपर्यंत.
कुणी थांब म्हणत नाही.
एक आवळा वरून पडतो तो नेमका भाऊजींच्या वरणात.
ते शर्टाकडे बघतात, झाडाकडे बघतात,
"वाढते बी वरूनच काय बाप्पा!"
त्यावर धाकटी इतकी हसते
की तिला ठसका लागतो, पाणी द्यावं लागतं,
आणि पाणी पिऊन ती पुन्हा हसते.

परतताना फाट्यावर पंचफुलाबाई,
डोक्यावर टोपलं, साडेपाचची हुकलेली.
"अवं कंडक्टर बाई, तुमी इकडं कुठी?
अन् मंग गाडी कोन नेली?"
आमच्यात दाटीवाटीनं बसते,
सवयीनं कमरेची पिशवी सोडते.
मी सवयीनं हात पुढे करते.
माझा तळहात दोघींच्या मध्ये
थोडा वेळ तसाच राहतो, लाजलेला.
मग ती त्यावर एक सीताफळ ठेवते,
डोळे उघडलेलं,
"घ्या, माह्यं तिकीट."
पोरांनी बिया खिडकीतून कुठवर जातात
याची पैज लावली.

रात्री परात घासली, केस धुतले,
पैशांची चामडी पिशवी मात्र
व्हॅनमध्येच राहिली होती, गोवऱ्यांच्या पोत्याखाली.

सोमवारी पहिली गाडी.
तिसऱ्या सीटवरचा पोरगा नोट देता देता थबकतो,
नाक जरा वर करतो.
"मॅडम, रोडगे काय?"
"हाव," मी म्हणते,
आणि त्याचे दोन रुपये परत द्यायचे विसरते.