चौकटीवरची उशी

कमिटीच्या कागदावर लिहिलं होतं :
नाव वीत्स्के, वय एकसष्ट, देश नेदरलँड्स,
तिखट चालत नाही, मांजर चालतं.
उंची लिहिली नव्हती.

म्हणून पहिल्याच संध्याकाळी
आमच्या दाराच्या चौकटीवर तिचं कपाळ असं आपटलं
की धुरीवरचे मासे तसेच टाकून मी धावले,
काळ्या हातांनीच हळद ठेचून दाबून धरली,
आणि ती हसत राहिली, डोळ्यांत पाणी,
तिच्या भाषेत शिवीसारखं काहीतरी पुटपुटत.

दार आधी असं बुटकं नव्हतं.
समुद्र भरतीला घरात येतो,
आम्ही दर दोन-तीन वर्षांनी जमीन उचलतो,
माती, विटा, वर सिमेंट.
छपराला कोण उचलणार?
लग्न होऊन आले तेव्हा खिडकी छातीशी होती,
आता गुडघ्याशी आहे.
बाहेर कोण आलंय ते बसून बघावं लागतं.

तिनं टेप काढली. भिंत मोजली, खिडकी मोजली,
ओल जिथवर चढली होती तिथं पेन्सिलनं रेघ मारून
तारीख घातली.
जन्मभर ती बंधाऱ्यांवर नोकरीला होती.
म्हणाली, माझं घर समुद्राहून दोन मीटर खाली आहे.
माझ्या वेनिंगनं दोनदा विचारून घेतलं :
खाली?
आणि चटया वाळत घालाव्या लागत नाहीत?

आधीच्या घरी, वर सालातिगाच्या थंडीत,
तिला तीन वेळा पावच दिला म्हणे, पाहुणी म्हणून.
तिथून ती वाळून आली होती.
आमच्याकडे भात दिला, धुरीचा मासा दिला,
मिरची वेगळी ठेवली.
चौथ्या दिवशी तिनं हळूच मिरचीची वाटी ओढली.

भाषेचं म्हणाल तर,
संध्याकाळच्या वर्गात शिकून आली होती थोडंफार.
पण मी म्हटलं ‘हांडुक’, तिनं टॉवेल उचलला
आणि तशीच उभी राहिली.
सायकलचा ‘रेम’, बाजारातलं ‘वोर्तेल’, चावडीचं ‘कांतोर’,
एकेका शब्दाला दचकायची,
गर्दीत चुकलेलं आपलं पोर
दुसरीच्या कडेवर खुशीत दिसावं तशी.
"हे शब्द आमचे," म्हणाली.
मग बराच वेळ टॉवेलची घडी घालत राहिली.
"इथं विसरून गेलो आम्ही."

पायरीवर शेजारची कार्सियेम आजी शेंगा सोलत होती.
मान वर न करता जावानीजमध्ये म्हणाली,
"घाईत होता तुम्ही तेव्हा."
वेनिंगनं ते सांगितलं नाही तिला.
मीही नाही.

पौर्णिमेच्या रात्री पाणी आलं.
आवाज करत नाही ते, चोरपावलानं येतं.
आम्ही उठलो, सवयीनं पोतं टेबलावर, चुलीचा सिलिंडर पलंगावर.
आणि ती, समुद्र अडवणारी बाई,
घोटाभर पाण्यात उभी, झोपेचा झगा गुडघ्यापर्यंत धरून.
टेपला हात लावला नाही.
मांजर उचललं, छातीशी घेतलं, पहाटेपर्यंत सोडलं नाही.
"खूप आलं का?" तिनं विचारलं.
मी म्हटलं, तांदूळ भिजला नाही, म्हणजे थोडंच.

नवव्या दिवशी पुढच्या घरचे न्यायला आले.
तिनं कार्सियेम आजीला बिस्किटांचा डबा दिला.
आजीनं घेतला. झाकण उघडलं नाही.
मला मिठी मारताना तिला इतकं वाकावं लागलं
की दोघींच्या मध्ये एक लहान मूल बसलं असतं.

नवऱ्यानं पहिल्या रात्रीच चौकटीवर
जुनी लुंगी गुंडाळून सायकलच्या ट्यूबनं बांधली होती,
तिच्या कपाळासाठी.
ती गेल्यावर सोडवायची राहून गेली.
तशी ती कुणालाच लागत नव्हती.

या वर्षी आम्ही जमीन पुन्हा वीतभर उचलली.
तिची पेन्सिलची रेघ सिमेंटखाली गेली.
परवा मासे घेऊन घाईत आत शिरले
आणि कपाळाला काहीतरी मऊ लागलं.