ठिपका खोडलेलं घर

मी गवंडी. लॉजमधला नाही, चुन्यावाळूचा.
गुण्या माझ्या पिशवीत असतो, ओळंबाही,
पण मी त्यांना कधी हात जोडलेले नाहीत.
म्हणून लॉर्न हिमलमन नकाशा घेऊन आला
तेव्हा म्हटलं, बाबा, दार चुकलास.

बाहेर नोव्हा स्कोशियाचं धुकं,
टॅनर्स नेकचा भोंगा मिनिटामिनिटाला हंबरत होता.
त्याने टेबलावरचे कप सरकवले
आणि शिडाच्या कापडाचा तुकडा पसरला,
डांबराचा वास अजून धरून असलेला.

वर एक उघडा डोळा.
खाली गुण्यावर पाय फाकून उभं कर्कटक.
तीन पायऱ्या. बाभळीची डहाळी,
जिथं बाभूळ जन्मात उगवली नाही
त्या किनाऱ्यावर कुणीतरी काढलेली.
मधोमध एक G,
आणि भोवती फुली-गोळ्याची चौकट मोडून
तिचे तुकडे उधळावेत तसे कोन, कोनांत ठिपके.

डोळा म्हणजे उगवत, लॉर्न सांगू लागला,
पायऱ्या म्हणजे तीस फूट,
बाभूळ म्हणजे पुरलेलं, न कुजणारं.
चाळीस वर्षांत अकरा खड्डे.
अकराव्यात सापडली एक चिलीम
आणि खालून वर आलेला समुद्र.
कोनांची अक्षरंही त्याने लावून पाहिली,
प्रत्येक कोपऱ्यात एक अक्षर राहतं,
ठिपका आला की शेजारचं.
वाचून दाखवलं. तोंडात खडे धरून बोलावं तसं.

मी कापड फिरवलं. गवंड्याची खोड,
आराखड्याचा आधी पाया शोधायचा.
गुण्याचा एक हात चर्चच्या भिंतीला लागला,
दुसरा जुन्या धक्क्याला,
आणि मग कोन बसत गेले
आमच्याच गल्लीतल्या घरांच्या कोपऱ्यांवर.
कॉर्कमचं. वेंट्झेलचं. उतारावरचं क्निकलचं.
यातल्या दोघांच्या धुराड्यांची डागडुजी मी केलीय.

कॉर्कमच्या कोनात चार ठिपके.
चार पोरं होती तिला, 'मॅरी एल्डा' बुडाली तेव्हा.
सतरा माणसं, ऑगस्टमधली एक रात्र.
G म्हणजे देव की भूमिती, लॉजवाल्यांना विचारा,
मला तिथं गर्ट्रूड झिंकचं घर दिसतं,
भोवती सहा ठिपके,
सहावा जरा लहान, पाळण्यातला असावा.

आमच्या कोनात दोन.
आई सांगायची, पणजीला उंबऱ्यावर
पिठाचं पोतं सापडलं त्या हिवाळ्यात,
आणि पिठात हात घातला तर दोन नाणी, बर्फासारखी.
आम्ही हसायचो. परीकथा म्हणायचो.

विधवेच्या लेकराला कुणी आहे का,
अशी काही हाक असते म्हणे त्यांच्यात, अडचणीत मारायची.
कुणीतरी ती शब्दशः घेतली होती.
लॉर्न, मी म्हणालो, हा खजिना पुरल्याचा नकाशा नाही रे.
वाटल्याची वही आहे.

तो बराच वेळ गप्प.
मग त्याचं बोट टोकाच्या घरावर थांबलं,
त्याच्याच.
तिथं ठिपका होता, आणि तो खरवडून काढलेला,
कापडाचा धागा उसवेपर्यंत.

ती कथा सगळ्या गावाला पाठ आहे.
लॉर्नच्या पणजीने दार उघडलं नव्हतं.
पोतं घेतलं असतं तर
नवरा मेला हे कबूल करावं लागलं असतं.
सव्वीस वर्षं तिने खिडकीत दिवा ठेवला,
तेलाला पैसे कुठून आणले, देव जाणे.

भोंगा वाजला. लॉर्नने कापड घडी घातलं,
उलटं, मग पुन्हा सुलटं.
दारात वळून म्हणाला,
म्हणजे आमचा वाटा
अजून कुणाकडे तरी आहे.

मी काही बोललो नाही.
त्याचं फावडं माझ्या भिंतीला टेकलेलं होतं,
ते घेऊनच गेला.