तिसरा खंड

पाचगणीच्या एका बंगल्यातून खोकी आली
तेव्हा मी वाचनालयात नवी होते, रोजंदारीवर.
इंग्रजी पुस्तकं. वाळवीने आधीच वाचलेली.
अध्यक्ष म्हणाले, लावा कुठेतरी गुरवबाई,
वाईत कोण वाचतंय हे?

मी वाचलं.
जानेवारी ते आषाढ, दुपारी दोन ते चार,
पेपरवाले म्हातारे घरी झोपायला गेले की
डिक्शनरी मांडीवर, डबा उघडा, पिठलं गार.

तीन खंडांची कादंबरी, त्यातले दोन.
लेखिकेचं नाव नाही. एवढंच, की एका बाईने लिहिली.
राणीच्या काळात तेवढंही
छापणाऱ्याने भीतभीतच छापलं असेल.

प्रूडन्स, पाद्र्याची मुलगी.
बाप रविवारी जे बोलायचा ते ती शनिवारी रात्री
मेणबत्तीशी बसून सुवाच्य उतरवून द्यायची.
श्वास कुठे घ्यायचा तिथे रेघ.
कधी एखादं वाक्य स्वतःचं घालायची
आणि बाप ते देवाचं समजून वाचायचा.

इथे मी डबा बंद केला.

नदीकाठच्या महादेवाची पूजा आमच्यात, पाळीने.
पहाटे चारला घागर मी आणायची, गंध मी उगाळायची,
बेल निवडायची, किडका नको, तुटका नको,
समया चिंचेने घासायच्या.
गाभाऱ्यात आप्पा.
आप्पा गेले, आणि तेराव्यालाच पाळी गेली चुलतभावाकडे,
जो कानाखांद्यात मोबाईल धरून पिंडीवर पाणी घालतो.
मी काही बोलले नाही.
पुढच्या सोमवारी गेले नाही, इतकंच.
आई म्हणाली, देवावर कसला राग?

मला उत्तर आलं नाही.
प्रूडन्सलाही येत नाही, दुसऱ्या खंडाच्या शेवटी.
भर प्रवचनात ती उठते,
बाप थांबतो, रेघ नसलेल्या जागी,
आणि ती दार उघडून वाऱ्यात जाते.
पुढे माळ, गवत, मेंढरं.
देव आहे की नाही, कुणाला विचारत नाही.
बूट ओले होतात.
खंड समाप्त.

अकरा वर्षं ती त्या माळावर.
मी कायम झाले, नोंदी संगणकावर घ्यायला शिकले,
आई गेली.
दर वर्षी कृष्णाबाईचा उत्सव आला, घाटाघाटावर मांडव पडले,
मी मागच्या गल्लीने घरी.
पसरणीच्या घाटात एसटीच्या खिडकीतून
एखादं उघडं पठार दिसलं
की वाटायचं, थंडी वाजत असेल तिला.

मग त्याच बंगल्याचं छप्पर उतरवलं
आणि रखवालदार सॅम्युअल पाटोळे
सिमेंटच्या पिशवीतून तिसरा खंड घेऊन आले.
पानं जोडलेलीच. एकही कापलेलं नाही.
दीडशे वर्षांत हा कुणी वाचलाच नव्हता!
स्टीलची पट्टी घालून मी एकेक पान सोडवलं.

फसवणूक झाली, सरळ सांगायचं तर.
ताप येतो, एक भला तरुण पाद्री येतो,
ती रडते, परत येते, लग्न.
वाक्यंही घाईची, दिवा मालवायची वेळ झाल्यासारखी.
मी चिडले. एवढा माळ तुडवून शेवटी हे?
नंतर वाटलं, लिहिणारीच्या घरीही असेल कुणी बाप,
कागद तपासणारा.

शेवटून दुसऱ्या पानावर मात्र एक ओळ होती.
ती आता दर रविवारी येते, मागच्या बाकावर बसते,
दाराशी,
आणि दार लोटू देत नाही.

ही त्याच्या नजरेतून सुटली असणार.

परवा सोमवारी वाचनालयाला कुलूप लावून नदीवर गेले.
नंदीच्याही अलीकडे, पायरीवर बसले, किल्ल्या ओच्यात.
हात जोडले की नाही, आठवत नाही.
समई काजळली होती, ते इथूनही दिसत होतं.
भावाने आतून हाक मारली,
आक्का, आत ये की, भुरभुर सुरू झालीय.
म्हटलं, राहू दे.
इथून पाणी दिसतं.