काडी

गुरुवारी दुपारी, शहापुरात, माझ्या दुकानाच्या पायरीशी
रिक्षा थांबली. आधी एक पेटी उतरली, मग पोरगी.
पेटी पोरीपेक्षा उंच.
मला वाटलं, कुणाला तरी पुरायला...
जाऊ दे, काय वाटलं ते.

"वाजीना झालंय ओ मामा.
आत कायतरी खुळखुळतंय."
कॅम्पातली, रिबेलोंची ग्लेंडा.
तिचे आजोबा पलटणीच्या बँडात क्लॅरनेट फुंकायचे,
त्याची एक चावी मी कधीकाळी बसवली होती.
एवढीच ओळख.

मी पेटीवाला. भाते, सूर, स्प्रिंगा,
झुरळांनी खाल्लेलं चामडं.
चेलो जन्मात उघडला नव्हता,
आणि तो उघडत नाहीच, हेही तेव्हाच कळलं.
पोटावर दोन नागमोडी फटी.
बॅटरी मारली तर तळाशी आडवी
करंगळीएवढी एक काडी.
खिळा नाही, सरस नाही,
दोन फळ्यांच्या मधे नुसत्या दाबावर उभी राहते म्हणे.
ती पडली की
एवढं मोठं लाकूड असून नसल्यासारखं.

"रविवारी साडेसहाला आहे कार्यक्रम. अठराजण आहोत.
धारवाडचे तिघे, चोर्ला घाटातून बसनं येणारे चार,
निपाणीचा एक, तंबाखूच्या वखारीत हिशेब लिहितो
आणि व्हायोला वाजवतो.
चेलो एकच. मी."

सायकलची एक तार काढली, वाकवली,
टोक दगडावर घासलं.
काडी टोचायची, फटीतून आत न्यायची,
उभी करायची, सोडायची.
पडते.
एकोणीस वेळा पडली. मोजत ती होती, मी नाही.
विसाव्याला राहिली,
खरं योग्य जागी राहिली काय, हे कानच सांगणार,
आणि आमच्या गल्लीत कान म्हणजे विडी अडकवायची जागा.
दोन्ही बाजूंना माग.
खटाक् पटाक् खटाक् पटाक्,
सकाळी सातपासून.

गंगप्पाला म्हटलं, दहा मिनिटं बंद कर की.
तो कन्नडात बोलला, मी मराठीत,
भांडण दोघांनाही नीट समजलं.
लग्नाच्या साड्या अडल्यात, मजुरी तू देणार?
बरोबरच होतं त्याचं.

मग पाचाच्या सुमाराला वीज गेली.

शांतता आमच्या गल्लीला शोभत नाही.
माणसं दारात येऊन उभी राहतात,
पाहुण्यांच्या घरात उभी असल्यासारखी.
मी म्हटलं, ओढ.
तिनं सगळ्यात जाड तारेवर गज ओढला.
घोगरं.
काडी जोंधळ्याएवढी सरकवली. ओढ.
नाकातलं.
अजून अर्धा जोंधळा.
ओढ.

आडात घागर भरता भरता
बुडायच्या आधी एक आवाज करते बघा,
तो कुणी धरून ठेवला तर.
भिंतीवरचा तंबोरा,
सहा वर्षं कुणी न्यायला आलेलं नाही तो,
आपला आपण बारीक बोलला.
त्याच्या घोडीवर तारेखाली दोरा असतो,
त्याला आम्ही जीव म्हणतो.
मी विचारलं, तुमच्यात ह्या काडीला काय म्हणतात?
"साउंडपोस्ट," ती म्हणाली. "म्हणजे खांब."
मी मान हलवली. खांब तर खांब.

दारातून गंगप्पा म्हणाला, "इन्नोम्मे."
तिनं परत ओढलं.
मग वीज आली आणि तो पळाला.

पैसे घेतले तेवढ्या तारेचे. तिनं कार्ड ठेवलं,
वर कन्नड, खाली मराठी,
मधे कुठलीच भाषा नसलेलं एक चित्र.
रविवारी मी काही गाणंबिणं ऐकणार नाही.
मागच्या खुर्चीत बसून सबंध वेळ
ती काडीच ऐकणार.
उभी आहे ना. अजून उभी आहे ना.

एका कार्डावर दोघं चालतात काय,
गंगप्पा दोनदा विचारून गेलाय.
मी अजून सांगितलेलं नाही.